कानावर पडेपर्यंत

काशीत मरायला लोक लांबून येतात. तिकीट काढून येतात, खोली घेऊन राहतात, आणि मरण फारच लांबलं तर चेहरा पाडून परतही जातात. आम्ही रामघाटावरची मराठी माणसं इथेच जन्मलेली, त्यामुळे आमची ती सोय घरबसल्या झालेली. पण मेल्यानंतर जी कामं निघतात ती मेलेल्यानं करायची नसतात, शेजाऱ्यानं करायची असतात, हे मोक्षाच्या गडबडीत कुणी सांगत नाही. मी रेल्वेच्या कचेरीत जन्म काढलेला आणि कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस. म्हणजे इहलोकाचे कागद आणि परलोकाची निरूपणं, दोन्हींत मुरलेला. मलाही हे ठाऊक नव्हतं. ढुंढीदादा गेले आणि ठाऊक झालं.

ढुंढीदादा, म्हणजे ढुंढिराजशास्त्री, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. लग्न केलं नाही, सगळं आयुष्य वेदपाठशाळेत मुलांचे उच्चार सुधारण्यात गेलं. नात्यानं आमचे कुणी नव्हेत, गोत्रही वेगळं. पण दर एकादशीला मंदिरातल्या कीर्तनाला आम्ही दोघं एकाच सतरंजीवर बसत आलो, ते माझ्या डाव्या हाताला. पूर्वरंग त्यांचा आणि उत्तररंग माझा, अशी आमची वाटणी होती. बुवा निरूपण करायला लागले की दादा मान डोलवायचे आणि माझीही डोलायची, फक्त माझी झोपेनं. आख्यान सुरू झालं की मी रडायला लागायचो. मग दादा समोरून नजर न काढता उपरण्याचं टोक माझ्याकडे सरकवायचे. रुमाल मी घरी विसरलेला असतो हे त्यांनी गृहीतच धरलेलं असायचं.

दादांचा धाकटा भाऊ वासुदेव आणि वासुदेवाची एकुलती मुलगी मधुरा, एवढंच ते घर. मधुराचं लग्न ग्वाल्हेरच्या एका मुलाशी ठरलेलं. गेल्या वर्षी अगदी लग्नाच्या तोंडावर तिची आई, गीतावहिनी, गेली आणि लग्न पुढे ढकललं. यंदा पुन्हा तारीख धरली. मुलाकडची माणसं भली, पण त्यांच्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "आता पुन्हा अडलं तर देवाच्याच मनात नाही असं समजू हो." हसत म्हटलेलं ते वाक्य वासुदेवाच्या छातीत काट्यासारखं मोडून बसलं. त्यातून पुढचा मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतरचा, आणि मुलगा त्याच्या आधीच परदेशी जायचा.

दादांना दमा. गाडीचा प्रवास झेपणार नाही म्हणून ते मागे राहिले आणि बाकी सगळी मंडळी ग्वाल्हेरला गेली. निघताना वासुदेव मला म्हणाला, "रत्नाकर, दादाकडे लक्ष ठेव रे." लक्ष ठेवलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या बायकोनं, नंदानं, चमच्या-चमच्यानं दिलेला चहा अर्धा घेऊन दादा गेले.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना बहुधा चाहूल लागली होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "रत्नाकर, काही झालं तर मधुराच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत त्यांच्या कानावर घालू नकोस. सूतक कानातून शिरतं."

ज्यांच्या घरी आता असलं काही पाळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सूतक माणूस मेला म्हणून लागत नाही, मेल्याचं कळलं म्हणून लागतं. म्हणून लग्नघरी अशुभ बातमी कळवत नाहीत. मागून कळली की मागून पाळतात. शास्त्राप्रमाणे देवक बसलं की सूतक आडवं येत नाही, हे मला माहीत होतं आणि मी तसं म्हणूनही पाहिलं. दादांनी मान हलवली. "रडक्या तोंडानं सप्तपदी नको तिची. गेल्या वर्षी पोरीनं काढलेली मेंदी धुतली होती. मी पाहिलंय."

म्हणजे माझ्यावर एकच काम सोपवलेलं होतं, आणि तेही काही न करण्याचं. दुसऱ्या कुणीही ते उत्तम पार पाडलं असतं.

मणिकर्णिकेला नेलं. अग्नी मी दिला, मित्र म्हणून. दहाव्याला वासुदेव येईलच असं ठरवलं. तिथे नोंद करणाऱ्या माणसानं विचारलं, "कहाँ से लाए?"

"रामघाट से."

"नहीं, उसके पहले कहाँ के?"

"उसके पहले भी रामघाट."

"महाराष्ट्र में कौन गाँव?"

मी सांगितलं, की बाबा रे, आमचे पूर्वज पेशवाईत इकडे आले आणि तेव्हापासून आम्ही तुझ्याच गावात मरतोय. त्यानं माझ्या टोपीकडे पाहिलं, ठीक आहे म्हणाला आणि लिहिलं, 'यात्री'. ज्या माणसानं गल्ली ओलांडून कधी शहरातला लंका मोहल्लाही धड पाहिला नाही तो कागदावर यात्री झाला. मी वाद घातला नाही. एका अर्थी बरोबरच होतं ते.

ती पावती मी धोतराच्या निऱ्यांत खोचली आणि गंगेत बुडी मारली. असं करणारा जगात मी एकटाच असेन असं मला वाटलं होतं, पण नंदा म्हणते, पुरुषांची तीच रीत असते. तिनं पावती तव्यावर पापडासारखी शेकली. दादांचं नाव राहिलं. 'यात्री' पुसलं गेलं, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

आता गुपित राखायचं. आमच्या गल्लीत समोरून बैल आला तर माणसाला मागे फिरावं लागतं, इतकी ती अरुंद. बातमीला मात्र तिथे हमरस्ता असतो. मी घरोघर जाऊन दादा गेल्याचं सांगितलं आणि लगेच, कुणाला सांगू नका असंही सांगितलं. समोरच्या प्रमोदिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "रत्नाकरभाऊ, या तोंडातून शब्द बाहेर पडायचा नाही."

तोंडातून पडलाच नाही. त्यांच्या अंगठ्यातून पडला. मी जाण्याआधीच त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'ढुंढिराजशास्त्रींना भावपूर्ण श्रद्धांजली' असं टाकलेलं होतं, आणि त्या ग्रुपवर वासुदेव होता. मी म्हटलं, काढा ते. त्यांनी चष्मा लावून काढलं आणि फोन मला दाखवला. गेलेलं होतं. नंदानं आपला फोन काढून पाहिला, तर त्यात श्रद्धांजली जशीच्या तशी. बाईंनी ती फक्त स्वतःच्या फोनातून काढली होती. म्हणजे ज्या एका माणसाला ती आधीच माहीत होती त्याच्यापासूनच लपवली होती.

"आता हो?" बाई म्हणाल्या.

"आता वर ढकला," नंदा म्हणाली.

मग आमच्या गल्लीनं जे केलं ते कुठल्याच पुराणात नाही. जो तो ग्रुपवर फोटो टाकू लागला. गणपती, दत्त, अन्नपूर्णा, सूर्योदय, गुलाब, गुलाबावर दव. श्रद्धांजली या फुलांच्या राशीखाली पार गाडली गेली. दुपारी वासुदेवानं ग्रुपवर लिहिलं, 'आज काय विशेष?' प्रमोदिनीबाईंनी लिहिलं, 'काही नाही, सहज आठवण आली.' मी ते वाचलं आणि दादांच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसलो. सहज आठवण यायला तिथे भरपूर जागा झाली होती.

"आता गप्प बसा," नंदा म्हणाली. "अक्षता पडू देत. मग काय ते कागद करा."

इथे माझं चुकलं. पण माझ्या बाजूनंही ऐका. वासुदेव मुलीला सासरी पाठवून येणार, आल्या पावली त्याला भाऊ गेल्याचं कळणार, आणि वरून त्या माणसानं खिडक्यांपुढे रांगा लावायच्या? निदान रांग तरी त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. त्यात प्रमोदिनीबाईंनी भर घातली. "नोंद ताबडतोब करावी हो. आमच्या मामांची राहिली. ते अजून कागदावर जिवंत आहेत. दर निवडणुकीला त्यांची चिठ्ठी येते आणि मामी आठवडाभर जेवत नाहीत." आणि ती शेकलेली पावती रोज थोडी थोडी फिकट होत होती. रेल्वेच्या माणसाला फिकट होणारा कागद बघवत नाही.

शिवाय घरी बसून करायचं काय? सकाळी उठलं की भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येत नव्हता. माणसाला आवाजाची सवय होते, मग तो खोकला का असेना.

गेलो नोंदणीच्या कार्यालयात. तिथल्या बाबूनं पावती उजेडाकडे धरली. "ये भुनी हुई है क्या?"

मी म्हटलं, "गंगाजी में भीग गई थी."

त्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला. पावतीला की गंगेला, ते कळलं नाही. म्हणाला, "मृतक का आधार लाइए."

दादांचं आधार कार्ड शोधायला मी आणि नंदा त्यांच्या खोलीत शिरलो. खोलीत पोथ्यांशिवाय काही नव्हतंच. दादांना हाताला लागेल ते पोथीत खूण म्हणून घालायची सवय. एकेक पोथी सोडायची, झटकायची, परत बांधायची. वाळलेला बेल निघाला, मोरपीस निघालं, मधुराची दुधाचे दात पडलेली एक छबी निघाली, जुन्या कीर्तन सप्ताहाची पत्रकं निघाली. एका पत्रकाच्या मागे दादांच्या बारीक अक्षरात एक मंगलाष्टक होतं, मधुराचं नाव गुंफलेलं. प्रवास झेपत नाही म्हणून ऐन मुहूर्ताला ते फोनवरून म्हणायचं असं काका-पुतणीचं ठरलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. नंदानं ते वाचलं नाही, घडी करून देवाजवळ ठेवलं. आधार काही निघालं नाही.

मग कुशलकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे सरकारी कामं भरून मिळतात. आपल्यातलाच मुलगा, पण मराठी सुरू करतो आणि हिंदीत उतरतो. म्हणाला, "काका, कार्ड हरवलं तर टेन्शन नाही. डाउनलोड हो जाएगा. बस दादांचा अंगठा…" आणि थांबला.

"अंगठा नाहीये बाळा," मी म्हटलं.

"सॉरी काका. मग ओटीपीनं करू."

त्यानं बटण दाबलं. दादांकडे मोबाइल नव्हता, मग ओटीपी येतो कुठे, हा प्रश्न माझ्या मनात येईपर्यंत माझा फोन वाजला. ग्वाल्हेरहून मधुरा.

आता हे बघा. दादांची जी काही सरकारी कामं असत ती सगळी मधुरा करायची, तर नंबर सगळीकडे तिचाच असणार. हे मला बटण दाबण्याआधीच कळायला हवं होतं. कळलं तेव्हा ती कानात बोलत होती.

"रत्नाकरकाका, ढुंढीकाकांचा ओटीपी आलाय. तुम्ही मागवलात का? लवकर लिहून घ्या, माझे दोन्ही हात मेंदीत आहेत, मावशीनं फोन धरलाय." आणि ती आकडे सांगू लागली. कुशल ते टिपू लागला. मी मध्ये पुतळ्यासारखा उभा. ज्या पोरीला काही कळू द्यायचं नव्हतं तिच्याच तोंडून तिच्याच काकाचा मृत्युदाखला पुढे सरकत होता.

"कशाला लागलं पण?" तिनं विचारलं.

"इथे… जरा नोंद करायची होती."

"कसली?"

"ज्येष्ठ नागरिकांची," मी म्हटलं. गेलेल्यांहून ज्येष्ठ कोण?

"आणि ढुंढीकाका कुठेत? द्या ना फोन."

"झोपलेत."

"आत्ता दुपारी?"

"हो. गाढ झोपलेत."

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "बरं. झोपू दे. मुहूर्ताला फोन लावीन म्हणावं त्यांना. मंगलाष्टक तयार ठेवा म्हणावं."

मी "सांगतो" म्हटलं. एक बुवा आख्यानात नेहमी सांगायचे, अर्धं खरं बोलणाऱ्याच्या रथाची चाकं जमिनीला टेकतात. माझ्याकडे रथ नव्हता. नुसते गुडघे होते, ते टेकले. कुशलनं स्टूल दिलं.

मी त्या स्टुलावर टेकेपर्यंत कुशलनं बाकीचा अर्ज भरून टाकला. मी शुद्धीवर येऊन विचारलं, "मोबाइल नंबर कुणाचा टाकलास?"

"दादांचा जो सेव्ह आहे तोच. मधुरादीदीचा."

"आणि दाखला झाल्यावर?"

"मेसेज जाएगा ना काका. ऑटोमॅटिक."

मी त्याला म्हटलं, काढ तो नंबर. तो म्हणाला, सबमिट झालंय, आता ऑफिसच्या हातात. त्यानं मला धीरही दिला. "फिकर मत कीजिए काका, महिना लावतात ते लोक."

महिना लावतात हे मलाही ठाऊक होतं. मीही कचेरीतच होतो, आम्हीही लावायचो. पण दैवाचा काय भरवसा, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या बाबूपुढे जाऊन उभा राहिलो. जन्मात प्रथमच मी एका सरकारी टेबलापुढे काम उशिरा करा अशी विनंती करणार होतो. हात जोडले. म्हटलं, "बाबूजी, वो ढुंढिराज जी का मामला…" नाव घेतलं आणि डोळे भरून आले. खिसे चाचपले. रुमाल घरी.

तो बाबू उठून उभा राहिला. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाबूजी, मैं समझ गया. आप कुछ मत कहिए."

मी म्हटलं, "नहीं, आप समझे नहीं, थोड़ा रुक के…"

"बिलकुल नहीं रुकेंगे," तो म्हणाला. "अपना आदमी गया हो तो दफ्तर के चक्कर कौन काटे. मेरे पिताजी के समय हमसे भी कटवाए थे." त्यानं कुणाला तरी हाक मारली, कुणाचा तरी पासवर्ड मागितला, आणि माझे अश्रू वाळायच्या आत दादांचा दाखला तयार करून, शिक्का मारून माझ्या हातात दिला. वर म्हणाला, "मोबाइल पर भी चला गया होगा."

आयुष्यभर ज्या वेगासाठी मी नवस बोललो तो मला त्या दिवशी मिळाला. दाखल्यावर दादांचं नाव अगदी शुद्ध लिहिलं होतं, वेलांटीसकट. दादांना फार आवडलं असतं.

घरी आलो, फोन पुढ्यात घेऊन बसलो. आता वाजेल, मग वाजेल. नंदानं न रागावता पुढ्यात चहा ठेवला, त्याचीच मला जास्त भीती वाटली. गेल्या वर्षी धुतलेल्या मेंदीचं पाणी मला दिसत होतं. ग्वाल्हेरच्या त्या हसणाऱ्या बाई दिसत होत्या. लग्न मोडलं तर ते मोडणारा मी; ना तिच्या नात्याचा ना गोत्राचा. आणि दादांनी जाताना मागितलं होतं ते एवढंसंच.

फोन वाजला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "लग्नाच्या घाईत मेसेज कोण वाचतं? मी तर एरवीही वाचत नाही." कुशल म्हणाला, तसले मेसेज लोक जाहिरात समजून उडवतात. मीही तसंच समजायचं ठरवलं. मनाला पटलं नाही, पण जेवण गेलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी देवक बसल्याचं वासुदेवानं ग्रुपवर टाकलं. शास्त्रापुरता मी सुटलो. अक्षता उरल्या होत्या.

लग्न मोबाइलवरून घरोघर दिसणार होतं. कुशलनं ते आमच्या टीव्हीला जोडून दिलं. अर्धी गल्ली आमच्या खोलीत. प्रमोदिनीबाई आधीपासूनच रडत होत्या. म्हणाल्या, नंतर गर्दीत जमत नाही. मी फोन हातात धरून बसलो होतो. मुहूर्ताला ग्वाल्हेरहून फोन येणार, मंगलाष्टक मागणार, आणि मी सांगणार की दादांना दम लागलाय, आवाज फुटत नाही. वाक्य पाठ केलं होतं. त्यातही अर्धं खरंच होतं.

अंतरपाट धरला. मधुरा पिवळ्या शालूत मान खाली घालून उभी. पहिली मंगलाष्टकं झाली. वासुदेवानं खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नंबर शोधायला लागला.

तेवढ्यात मधुरानं हार एका हातात घेतला, मेंदीचा दुसरा हात मागे नेला आणि बापाच्या हातातला मोबाइल हळूच काढून घेतला. वासुदेव काहीतरी म्हणाला. ती मान न वळवता काहीतरी म्हणाली. त्यानं मान डोलवली. मोबाइल तिनं मावशीकडे दिला. गुरुजींनी पुढचं मंगलाष्टक उचललं.

माझा फोन वाजला नाही.

खोलीत सगळे टीव्हीकडे बघत होते. नंदा माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "अहो, तिला कळलंय."

'सावधान' झालं. तिकडे अक्षता पडल्या, इकडे आम्हीही टीव्हीवर टाकल्या. प्रमोदिनीबाईंचा नेम चुकून माझ्या डोक्यावर पडल्या. पडद्यावर मधुरा हसत होती. चांगली हसत होती, नवरीनं हसावं तशी. मला ते बघवेना. मी उठून दादांच्या खोलीत गेलो आणि उगाच एक पोथी सोडून परत बांधली.

दुपारी, तिकडे पंगती बसल्या असतील अशा वेळी फोन आला. मागे गलका नव्हता. बंद खोलीतून बोलत होती.

"रत्नाकरकाका, एकटे आहात?"

"नंदा आहे जवळ."

"असू दे. मग सांगा आता."

"काय सांगू, बेटा?"

"जे सांगायचं राहिलंय ते."

मी म्हटलं, "तुला तो मेसेज…"

"वाचला. ओटीपीच्या दिवशीच मला शंका आली होती. ढुंढीकाका दुपारी कधी झोपलेत? तेव्हाच बाबांचा फोन बघितला, तर फुलांच्या खाली प्रमोदिनीकाकूंची श्रद्धांजली. ती पुसून टाकली. फुलं आली त्या दिवशी बाबा सारखे म्हणत होते, मंडळाला आज फुलांचं काय वेड लागलंय."

ती पुढे म्हणाली, "पण काका, मी ते फक्त वाचलंय. मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सूतक कानातून शिरतं, असंच म्हणायचे ना ते? माझ्या कानावर अजून काही पडलेलं नाही. म्हणून मी तुम्हाला फोन केला नाही. केला असता तर तुम्ही सांगितलं असतंत."

खरं होतं. सांगितलं असतं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, आणि फोनवर तर ते ऐकूही येतं.

डोळ्यांनी वाचलेल्याचं शास्त्रात काय सांगितलंय, मला ठाऊक नाही. असलं काही अडलं की मी भिंतीवर टकटक करायचो आणि पलीकडून उत्तर यायचं.

"बाबांना मी सांगीन," मधुरा म्हणाली. "आत्ता पानावर बसलेत, जेवू देत. कालपासून काही खाल्लेलं नाही त्यांनी. पण आधी मला सांगा. मी आंघोळीचं पाणी काढून ठेवलंय."

ज्या माणसानं अख्ख्या गल्लीला सांगितलं, मणिकर्णिकेवर सांगितलं, बाबूला रडून सांगितलं, त्याला ते तीन शब्द जड झाले. नंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मधुरा, ढुंढीदादा गेले."

"हं," ती म्हणाली. मग विचारलं, "कसे?"

"चहा घेता घेता. अर्धाच घेतला."

"साखर होती ना त्यात? मी असले की घालू देत नव्हते."

नंदानं माझ्या हातातून फोन घेतला. "दोन चमचे घातली होती गं. तू नव्हतीस ना."

मधुरा हसली की काय कोण जाणे. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला; बंद करायचं ती विसरली. बांगड्या वाजल्या. बादलीची कडी वाजली. पाण्याचा पहिला तांब्या पडला, मग दुसरा, आणि त्या पाण्याच्या आवाजात तिला जे इतके दिवस दाबायचं होतं ते तिनं मोकळं सोडलं.

मी सवयीनं डावीकडे हात केला. नंदानं पदर पुढे सरकवला.